डिस्कॉर्ड ऐकायला सुरुवात कुठून करायची, आणि बँड आवडला तर लेबल का आवडावं?

बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे नाशिकचे आहेत, वय २३, कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचे. वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक बँडचं ‘१३ साँग्ज’ त्यांना एका मित्राने ऐकवलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं. मग जो तो सांगू लागला, ‘नुसता फुगाझी नको, अख्खं डिस्कॉर्ड ऐक.’ (वॉशिंग्टनचं रेकॉर्ड लेबल, गप्पा मारायचं ॲप नव्हे.) यादी उघडली तर दीडशेच्या वर रेकॉर्ड. इकडून तिकडून पाच-सहा ऐकले, दोन आवडले, बाकी सगळे एकाच पट्टीत ओरडताहेत असं वाटलं. आता त्यांचा प्रश्न असा, की सुरुवात कुठून करू आणि मुळात बँड आवडला तर लेबल कशाला आवडायला हवं?

मी गेली २२ वर्षं पुण्यात ध्वनिमुद्रण करतो. बँड, भजनी मंडळं, नाट्यपदं, जे येईल ते. मधली काही वर्षं मित्रांबरोबर एक छोटं लेबलही चालवलं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागच मला खरा वाटतो. कुठून सुरुवात करायची याची यादी कुणीही देईल. पण लेबल म्हणजे काय हे कळलं नाही तर ती यादी पाठांतरासारखी होईल, आणि तुम्ही पुन्हा दोन आवडले, बाकीचे नाही, इथेच येऊन थांबाल.

आधी एक सांगतो. माझं उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं नाही. तुमचा कान मेटलवर तयार झाला असेल तर सुरुवातीचे रेकॉर्ड कच्चे वाटतील, शास्त्रीय संगीतावर तयार झाला असेल तर फार आखूड. कुणाला शब्द कळल्याशिवाय गाणं पोचत नाही, कुणाला शब्दांची पर्वा नसते. वेळ किती आहे, तबकडी विकत घेणार की फोनवर ऐकणार, यानेही फरक पडतो. तुम्ही बेस वाजवता आणि फुगाझीपासून आत शिरलात, हे धरून लिहितो.

या लेबलची सुरुवात बघितली की पुढचं बरंच उलगडतं. वॉशिंग्टनमध्ये टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. १९८० च्या शेवटी तो मोडला. कार्यक्रमांतून आलेले पैसे पोरांनी वाटून घेतले नव्हते, एकत्र साठवले होते. सगळे मिळून सुमारे ६०० डॉलर. आता वाटून घ्यायचे की आपली गाणी रेकॉर्डवर काढायची? त्यांनी रेकॉर्ड काढायचं ठरवलं. मोडलेल्या बँडचा रेकॉर्ड! त्यातून करिअर होणार नव्हतं, पुढचा दौरा नव्हता. आपल्या गावात, आपल्या मित्रांमध्ये हे घडलं, त्याची नोंद राहावी एवढाच हेतू. बँडमधले इयन मकाय (हाच पुढे फुगाझीत गायला), जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजसेक यांनी मिळून लेबल काढलं, आणि त्या सात इंची तबकडीला क्रमांक दिला एक. प्रती काढल्या १,०००, गाणी आठ.

कव्हरचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एका सात इंची रेकॉर्डचं कव्हर घेतलं, चिकटवलेल्या कडा सोडवून ते सपाट केलं आणि त्याच्यावरून आपल्या कव्हरचा आराखडा काढला. छापून आलेले कागद मित्रमंडळींनी बसून कात्रीने कापले, दुमडले, चिकटवले. पुढच्या रेकॉर्डांनाही बराच काळ हेच.

हे मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण आम्हीही ते केलं आहे. २००६ साली आमच्या लेबलच्या पहिल्या सीडीच्या ५०० प्रती आल्या. तयार डबी परवडत नव्हती म्हणून पुठ्ठ्याचं पाकीट छापून घेतलं. आईच्या स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही सहा जण तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री फेविकॉल जास्त लागला आणि शंभरेक पाकिटं आतून चिकटली. दुसऱ्या रात्री आईनेच जुनी पट्टी आणून दिली, घडी आधी पट्टीने दाबायची आणि मग चिकटवायचं. त्या पाकिटांच्या घड्या आजही बोटाला आठवतात. जे हाताने दुमडलंय ते माणूस फेकून देत नाही, आणि कुणाच्याही गळ्यात मारत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. आपल्याकडे लेबल म्हटलं की लोक लगेच घराण्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. घराण्यात गुरू असतो, तालीम असते, पिढ्या असतात. डिस्कॉर्डमध्ये सगळे एकाच वयाचे, एकमेकांचे शेजारी. आपल्याकडचं जवळचं उदाहरण साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांचं. मोजकी माणसं, स्वतःच लिहायचं, स्वतःच छापून घ्यायचं, स्वतःच वाटायचं. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने अरुण कोलटकरांची कविता छापली ती जशी निगुतीने, तसं काहीसं. अशा ठिकाणी छापणाऱ्याचे निर्णय आणि लिहिणाऱ्याचे निर्णय वेगळे काढता येत नाहीत.

डिस्कॉर्डचे निर्णय साधे होते आणि ते त्यांनी चार दशकं पाळले. लेखी करार नाही, तोंडी शब्दावर काम. रेकॉर्डचा खर्च निघाला की नफा बँडबरोबर वाटून घ्यायचा. बँड वॉशिंग्टन आणि आसपासचेच घ्यायचे. किंमत कमी ठेवायची, आणि टपालाने मागवलं तर किती पडेल ते कव्हरवरच छापायचं, म्हणजे दुकानदाराने जास्त लावले तर गिऱ्हाइकाला कळेल. फुगाझीच्या कार्यक्रमांचं तिकीट साधारण पाच डॉलर, आणि सगळ्या वयांच्या मुलांना प्रवेश. शेवटची गोष्ट मोठी आहे. तिकडे बँड वाजायचे ते दारू मिळणाऱ्या क्लबांत, आणि तिथे अल्पवयीन पोरांना दारातच अडवायचे. टीन आयडल्सच्या कव्हरवर हाताच्या पाठीवर काळ्या शाईने काढलेली फुली दिसते ना, ती तिथून आली. हा मुलगा वयाने लहान आहे, याला दारू देऊ नका, पण आत येऊ द्या, अशी ती खूण.

आता हे हिशेबाचे नियम कानाला कसे ऐकू येतात ते सांगतो, कारण मला त्यातच खरी गोडी आहे.

करार नसला की बँडवर पुढचा रेकॉर्ड देण्याची सक्ती नसते. मायनर थ्रेट हा या लेबलचा सुरुवातीचा सगळ्यात गाजलेला बँड, १९८० ते १९८३. त्यांचं सगळं काम एका सीडीवर मावतं, २६ गाणी, पाऊण तास. राइट्स ऑफ स्प्रिंगने एक अल्बम केला, एक ईपी (अल्बमपेक्षा छोटा रेकॉर्ड) केला आणि ते थांबले. भरताड म्हणून घातलेलं गाणं या रेकॉर्डांत फार क्वचित सापडतं. सांगण्यासारखं होतं तोवर वाजवलं, संपलं तेव्हा उठले.

गावाबाहेरचे बँड घेत नाहीत म्हटलं की रेकॉर्डिंगही गावातच. वॉशिंग्टनला लागूनच असलेल्या आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएन्तारा यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात इनर इअर नावाचा स्टुडिओ थाटला होता. टीन आयडल्स तिथे वाजले, मायनर थ्रेट तिथे, राइट्स ऑफ स्प्रिंग तिथे, फुगाझी तिथे. १९९० च्या सुमारास स्टुडिओ मोठ्या जागेत गेला आणि २०२१ मध्ये बंद झाला. एकच माणूस एकाच गावातल्या पोरांना वीस-तीस वर्षं ऐकतोय, याचा अर्थ माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतो. त्या मुलाचा आवाज सोळाव्या वर्षी कसा फुटायचा आणि तिसाव्या वर्षी कसा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर गाणारा माणूस वेगळा गातो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. रेकॉर्ड क्रमांकाने ऐकू नका, ‘सर्वोत्तम दहा’ अशी यादीही शोधू नका. माणसाच्या मागे जा. तुम्हाला फुगाझी आवडतो ना? मग गी पिचोटो हा गायक आणि ब्रेंडन कँटी हा ड्रमर आधी कुठे होते ते बघा. ते राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये होते, १९८५ चा अल्बम. इयन मकाय आधी एम्ब्रेसमध्ये, त्याआधी मायनर थ्रेटमध्ये, त्याआधी टीन आयडल्समध्ये बेसवर. तिथून उलट पुढे या. मकाय आणि एमी फारिना या दोघांचा द इव्हन्स, अगदी हळू आवाजाचा. बेसवाला जो लॅली आणि कँटी पुढे द मेस्थेटिक्समध्ये, तिथे गायकच नाही. मग मकाय, फारिना आणि लॅली या तिघांचा कोरिकी, २०२० चा अल्बम. चाळीस वर्षांची ही माळ तुम्ही महिन्याभरात ऐकू शकता, आणि त्यात ‘सगळे सारखेच ओरडतात’ ही तक्रार आपोआप विरते, कारण आता तुम्ही एका माणसाचं वय वाढताना ऐकत असता.

दुसरी सूचना, आज रात्रीच करून बघण्यासारखी. ‘१३ साँग्ज’ हा मुळात एक अल्बम नाही. दोन ईपी एकत्र केलेत. पहिली सात गाणी १९८८ च्या उन्हाळ्यात इनर इअरमध्ये, टेड नाइसली निर्माता. शेवटची सहा त्याच वर्षाच्या शेवटी लंडनमध्ये, जॉन लोडर यांच्या स्टुडिओत. युरोपचा लांबलचक दौरा संपवून दमलेला बँड तिथे शिरला. पूर्ण अल्बम करायचा बेत होता, निघालं ईपीपुरतं. तर हेडफोन लावा आणि सातवं आणि आठवं गाणं लागोपाठ ऐका. दोन्हीकडे पिचोटोच गातोय. माणसं तीच, वाद्यं तीच, मधे काही महिने आणि एक समुद्र. मला सातव्यात चौघे एकमेकांना बघत वाजवताहेत असं ऐकू येतं, ड्रमच्या भोवती हवा आहे. आठव्यात सगळं पुढे ढकललंय, टोकदार झालंय. कुठलं चांगलं हा मुद्दा नाही. खोली आणि थकवा हे दोन्ही टेपवर उतरतात, ते एकदा कानाला लागलं की परत विसरता येत नाही.

आणि बेसवाले आहात म्हणून, पहिल्याच गाण्यात लॅलीचा बेस सुरू होतो, बाकीचे येऊन मिळतात, आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास सगळे एकदम थांबतात. तीन-चार सेकंद काही नाही. मग पुन्हा उचलतात. पहिलंच गाणं, ऐकणारा अजून स्थिरावलाही नाही, आणि एवढी लांब शांतता सोडायची? बाहेरचा व्यवस्थापक असता तर त्याने सांगितलं असतं, रेडिओवर चालणार नाही, काढा. इथे सांगणारं कुणी नव्हतं. लेबल कुठे ऐकू येतं असं मला कुणी विचारलं की मी ती शांतता दाखवतो.

तिसरं, ‘१३ साँग्ज’नंतर लगेच १९९० चा ‘रिपीटर’. आधी पिचोटो फक्त गायचा, ‘रिपीटर’पासून तो गिटारही वाजवू लागला. दोन गिटारी आल्यावर बेसला जागा कशी बदलावी लागते ते तुम्ही बोटांनीच ओळखाल. त्यानंतर १९९३ चा ‘इन ऑन द किल टेकर’. तो त्यांनी आधी शिकागोला स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे ध्वनिमुद्रित केला होता. अल्बिनी म्हणजे त्या काळचं या क्षेत्रातलं मोठं नाव. तरी समाधान झालं नाही आणि ते इनर इअरला परतले, नाइसलींबरोबर सगळं पुन्हा केलं. हे माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगतो. मोठ्या नावाच्या स्टुडिओत जाऊन आलेलं काम सोडून देण्याचं धैर्य कुठून येतं? डोक्यावर आगाऊ रकमेचं कर्ज नसलं की येतं.

आता ओरडण्याबद्दल, कारण तुमची अडचण तीच आहे. राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये पिचोटोचा आवाज फुटतो, तुटतो, कधी स्वराच्या खाली घसरतो. २०११ मध्ये माझ्याकडे कोथरूडचा एक बँड आला होता. गायक मुलगा १९ वर्षांचा, गाणं त्याच्या वारलेल्या भावावर. तिसऱ्या टेकला शेवटच्या ओळीवर त्याचा आवाज फाटला. मी थांबवलं, पाणी दिलं आणि पुन्हा घ्यायला लावलं. चौदा टेक झाले. चौदावा सुरात होता, तोच ठेवला. तिसरा पुसला गेला. आज ते गाणं लागलं की मला त्या जागी काहीच ऐकू येत नाही. तो १९८५ चा रेकॉर्ड मी आधी नीट ऐकला असता तर तिसरा टेक वाचला असता. म्हणून सांगतो, ओरडणं ऐकताना सूर शोधू नका, आवाज नेमका कुठे साथ सोडतो ते शोधा. दोन माणसांचे आवाज एका जागी कधी फुटत नाहीत.

शब्द कळत नसतील तर रेकॉर्डबरोबरचा गाण्यांच्या शब्दांचा कागद बघत ऐका, पण दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा नुसतं.

आणि हे लेबल म्हणजे फक्त वेगवान पंक, असं समजू नका. फायर पार्टी आणि स्लँट सिक्स हे बायकांचे बँड आहेत, त्यांची गाणी आखूड, कोरडी आणि नेमकी. लंगफिश हा तर शेजारच्या बाल्टिमोरचा, नियमाला अपवाद म्हणून घेतलेला. त्यांचं अख्खं गाणं एकाच गिटारच्या ओळीवर चालतं, ती ओळ बदलतच नाही. पाश्चात्त्य रॉकवर वाढलेल्यांना तो कंटाळवाणा वाटतो, मला मुळीच वाटला नाही. दिंडीत ‘ज्ञानोबा-तुकाराम’ तासभर चालल्यावर जी तंद्री लागते ती ज्याला माहीत आहे, त्याला लंगफिश समजावून सांगावा लागत नाही. नाशिकला त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांची पालखी तुमच्या दारावरून जाते. तुम्हाला तो माझ्याइतकाच आवडेल असं वाटतं.

कौतुक करताना डोळे मिटून करू नये. सुरुवातीच्या काळात या लेबलवर बहुतेक गोरी मुलं होती, आणि तेही अशा शहरात जिथली बहुसंख्य वस्ती तेव्हा कृष्णवर्णीय होती. या सगळ्या पोरांना ज्यांनी वेड लावलं तो बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीयांचा बँड डिस्कॉर्डवर नाहीच. त्याला ऐकल्याशिवाय मायनर थ्रेटचा वेग कुठून आला ते कळणार नाही, तेव्हा लेबलची सीमा ओलांडून तो जरूर ऐका. शिवाय सगळेच बँड या साधेपणात राहिले असंही नाही. जॉबॉक्स आणि शडर टू थिंक नव्वदीच्या दशकात मोठ्या कंपन्यांकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही. घरभाडं सगळ्यांना असतं. जॉबॉक्सचा १९९४ चा मोठ्या कंपनीवरचा अल्बम २००९ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा तो काढण्यात डिस्कॉर्डचा हात होता. दार बंद केलेलं नव्हतं.

इथवरचं तुमच्या सोयीसाठी क्रमाने सांगतो. आधी ‘१३ साँग्ज’चं सातवं-आठवं, मग ‘रिपीटर’, मग मागे राइट्स ऑफ स्प्रिंग आणि मायनर थ्रेट, मधे बॅड ब्रेन्स, मग पुढे लंगफिश, स्लँट सिक्स, द इव्हन्स. १९८२ चा ‘फ्लेक्स युवर हेड’ हा ११ बँडांच्या ३२ गाण्यांचा संग्रह शेवटी ठेवा. सुरुवातीला गोंगाट वाटेल. माणसं ओळखीची झाल्यावर तोच रेकॉर्ड जुन्या शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखा बघवतो.

राहिला प्रश्न सगळं फोनवर मिळत असताना लेबलचा उपयोग काय. मी माझा अनुभव सांगतो. आमच्या त्या ५०० सीडींपैकी ३०० एका वितरकाने नेल्या. पैसेही आले नाहीत, सीडीही परत आल्या नाहीत. वर्षभर फेऱ्या मारल्या. उरलेल्या २०० आम्ही कार्यक्रमाच्या दारात टेबल टाकून आणि पोस्टाने विकल्या, आणि दुसऱ्या रेकॉर्डचा खर्च त्यातूनच निघाला. डिस्कॉर्डने टपालाची विक्री स्वतःच्या हातात का ठेवली, हे मला त्या वर्षी कळलं. कुठलंही छोटं लेबल पहिल्या रेकॉर्डच्या वसुलीतून दुसरा काढतं. पैसा वेळेत परतला नाही तर पुढचा बँड रांगेतच राहतो. त्यामुळे जमेल तेव्हा थेट लेबलकडून घ्या. परदेशातून तबकडी मागवली तर टपालखर्च आणि कस्टम मिळून रेकॉर्डपेक्षा जास्त होतात, तो भुर्दंड विद्यार्थ्याने सोसू नये. डाउनलोड घ्या, तेवढ्याने भागतं.

फुगाझीच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह त्यांनी २०११ पासून खुला करायला सुरुवात केली, एकूण ८०० हून जास्त कार्यक्रम. एका कार्यक्रमाची सुचवलेली किंमत पाच डॉलर, जेवढं तेव्हा तिकीट असायचं तेवढीच. तुमच्या जन्माच्या आसपासचा एखादा निवडा. तो बँड २००३ च्या आधीच थांबला, म्हणजे थोडं मागे जावं लागेल. काही कार्यक्रमांत गाणं मधेच थांबवून मकाय गर्दीत धक्काबुक्की करणाऱ्याशी बोलताना ऐकू येतो. न ऐकणाऱ्याला ते पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचे. ध्वनिमुद्रणात तेही आहे, कापलेलं नाही.

सातवं आणि आठवं ऐकलंत की तुम्हाला काय वेगळं ऐकू आलं ते इथेच खाली लिहा. माझ्याशी जुळलं नाही तरी चालेल. तुमच्या बँडचं काही ध्वनिमुद्रण असेल, फोनवर केलेलं का असेना, तेही पाठवा.